भिडूची चाल

"अरे, एक पाय तरी ठेव. खाणार नाही तुला ते," शिवणताई म्हणाल्या आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्यांनी ट्रेडमिलच्या काळ्या पट्ट्यावर आणखी थोडा आत सरकवला.

भिडूनं मान लांब केली. चारही पाय फरशीत रोवून तो इतका ताणला गेला की पोटाची कातडी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली. जिभेच्या टोकानं त्यानं अंडं उचललं, मागे सरला आणि बसून चघळत राहिला. पट्ट्याला त्यानं नखसुद्धा लागू दिलं नव्हतं. मशीन तर बंदच होतं. प्लगही लावलेला नव्हता.

"हुशार आहेस. मालकावर गेलास," ताई म्हणाल्या. "हवं ते घ्यायचं आणि पाय बाहेर ठेवायचा."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण ऐकायला होतं कोण? भिडू तर पुढच्या तुकड्यासाठी त्यांच्या हाताकडे बघत होता.

शिवणताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. या इमारतीत राहायला आल्या तेव्हापासून त्या पुढच्या खोलीतल्या खिडकीशी मशीन मांडून शिवत आल्या होत्या. इस्पितळाचे अ‍ॅप्रन, शाळेचे गणवेश, हॉटेलातल्या वेटरांचे कोट. लोक तसंच म्हणू लागले आणि मूळ नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. उमेदीची सगळी वर्षं पायानं मशीन चालवण्यात गेली. पुढे मशीनला मोटर बसवली, पण तोवर गुडघे कामातून गेले होते. जिना उतरायचा तर कठड्याला धरून, दोन्ही पाय एका पायरीवर आणून, मग पुढची पायरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आई होती ती शेवटपर्यंत त्यांच्याकडे होती, आणि आईवरूनच धाकट्या भावाशी बोलणं तुटलं.

तसं ते भांडण म्हणावं इतकं भांडणही नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. भावाचं म्हणणं, थोडे दिवस तरी तिला माझ्याकडे येऊ दे. ताईंचं म्हणणं, तिला जिना सोसायचा नाही, जरा बरं वाटू दे. ते जरा बरं वाटणं आलंच नाही. आई गेली. सगळे पांगल्यावर भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "थोडे दिवसच मागितले होते, ताई." ताई जागरणांनी शिणल्या होत्या. "तू जा, धावत बस," एवढंच त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर कुणाच्या लग्नात समोरासमोर आले तर मान हलवायची, इतकाच संबंध राहिला.

धावत बस म्हणायचं कारण म्हणजे तो खरंच धावायचा. पाण्याचे मीटर वाचायची नोकरी, दिवसभर गल्लीबोळ तुडवायचे, आणि तरी पहाटे उठून वेगळा धावायचा. लग्न त्यानं केलं नाही. एक कुत्रा पाळलाय आणि त्याचं नाव भिडू ठेवलंय, हे ताईंच्या कानावर आलं होतं. तेव्हा त्या मनाशी म्हणाल्या होत्या, काय नाव तरी.

मग एके दिवशी भाऊ झोपेतच गेला. अंत्यविधीला ताई गेल्या, उभ्या राहिल्या, परत आल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोकांना ते दिसलं, त्यांनाही दिसलं. त्यानंतर घरमालकिणीचा फोन आला, की खोली रिकामी करायची आहे. ताई तासाभराचं काम म्हणून गेल्या. खोली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. एक कॉट, एक शेगडी, खिडकीखाली धावायच्या बुटांचे दोन जोड, आणि त्या बुटांवर हनुवटी टेकून पडलेला उंच, बारीक कमरेचा, तपकिरी कुत्रा. जातिवंत वगैरे काही नव्हता. घरमालकीण म्हणाली, नेणारं कुणी नसेल तर कुत्री पकडायची गाडी बोलवून देऊन टाकते. मग तिनं विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहीण ना त्यांच्या?"

ताई हो म्हणाल्या. हो म्हटल्यावर मग काही इलाजच राहिला नाही. कपडे, भांडी कुणाकुणाला देऊन त्या कुत्रा घेऊन घरी आल्या.

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या नाकी नऊ आले. रोज टेकडी चढून-उतरून आलेलं ते जनावर. त्याला दोन खोल्या म्हणजे खोकं. तो सकाळपासून दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालायचा. नखं फरशीवर टकटक वाजायची. दाराची चौकट त्यानं कोरून काढली. खाली फिरायला न्यावं तर ताईंची मजल कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत, आणि भिडूची सुरुवातच तिथून. एकदा मांजर दिसल्यावर त्यानं असा हिसडा दिला की ताई फाटकाच्या पायरीवर पालथ्या पडल्या. तळवे सोलवटले, चष्म्याची काडी वाकली. कुत्री फिरवून आणणारा एक माणूस ठेवून पाहिला. त्याच्याबरोबर भिडू जिन्यातच बसून राहिला. ओढलं तरी उठेना.

बरोबर खालच्या मजल्यावर तात्या राहायचे. जुने रेडिओ दुरुस्त करायचा त्यांचा उद्योग, सारं काम कानावर चालायचं. ते एकदा वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, की रेडिओतली खरखर कुठली आणि तुमच्या कुत्र्याची कुठली, हे मला आताशा कळेनासं झालंय. मी वाईट माणूस नाही, पण कमिटीकडे अर्ज देणार. तुम्ही त्याची दुसरीकडे सोय बघा. अर्ज खरंच गेला, आणि कमिटीनं महिनाअखेरीपर्यंतची मुदत दिली.

त्या मुदतीच्या धास्तीनंच ताई जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. भिडूला काहीतरी झालंय, औषध द्या, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याचं हृदय ऐकलं, चारही पाय वाकवून पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "याला चालवा. ताकद आहे ती जाणार कुठे?"

"मला चालवत नाही हो," ताई म्हणाल्या. कुणापुढे एवढं सरळ त्या पहिल्यांदाच कबूल करत होत्या.

तेव्हा ट्रेडमिलचा विषय निघाला. ताईंना आधी ती थट्टाच वाटली. पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून नीट समजावलं. कुत्रं मशीनवर चालायला शिकतं, फक्त घाई करायची नाही. एकदा घाबरलं की पुन्हा जवळ यायचं नाही. भरल्या पोटी चालवायचं नाही, उन्हाच्या वेळी चालवायचं नाही, नखं कापलेली हवीत. दोरी हातात धरायची, मशीनला कधीही बांधायची नाही. पाय घसरला तर गळफास बसेल. तुम्ही जागेवरून हलायचं नाही. आणि पट्टा लांब हवा. कुत्रं पूर्ण ताणून पाय टाकतं तेव्हा जेवढं लांब होतं, त्याहून चांगला लांब.

माप घेणं हे ताईंचं रोजचं काम. घरी येऊन त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि भिडूला नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजला. गिऱ्हाईक उभं राहतं तसा तो उभा राहिला. बंद पडलेल्या एका व्यायामशाळेत दोन मशीन विकायला होती. ताईंनी त्यांच्यावरही टेप धरली, तेव्हा विकणारा हसत होता. लहान मशीन नवं होतं, ते त्यांनी सोडलं. मोठं जुनं होतं, ते घेतलं. हमालांनी ते वर आणून पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं. खोलीत मग शिलाई मशीन, कोट बेतायचा पुतळा, ट्रेडमिल आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या ताई, एवढंच मावायचं.

तर सुरुवात अशी अंड्यापासून झाली. काही दिवस मशीन बंदच ठेवलं. भिडूचं जेवणाचं ताट आधी शेजारी, मग कडेवर, मग पट्ट्याच्या मधोमध. तो चारही पाय ठेवून वर उभा राहून जेवू लागला तेव्हा ताईंना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगायचं कुणाला? अ‍ॅप्रन न्यायला आलेल्या शिपायाला त्यांनी सांगितलं. तो बरं म्हणाला आणि गठ्ठा उचलून गेला.

पुढे त्या रिकामं मशीन सुरू करायच्या आणि भिडूला आतल्या खोलीत खाऊ घालायच्या, आवाजाची सवय व्हावी म्हणून. गळपट्ट्याऐवजी त्यांनी त्याच्यासाठी छातीपट्टा शिवला. दप्तराला लावतात तसली रुंद फीत, आतून मऊ अस्तर, काखेत घासू नये म्हणून दुहेरी दुमड. ओढ बसलीच तर छातीवर बसेल, गळ्यावर नाही. मशीनला एक लाल दोरी होती, ती ओढली गेली की पट्टा जागच्या जागी थांबायचा. धावणाऱ्या माणसानं ती अंगाला अडकवायची असते. ताईंनी तिला गाठ मारून ती आपल्या मनगटात घातली.

पण पट्टा हलायला लागला की भिडू बिथरायचा. दोन पावलं टाकायचा, मान उजवीकडे भिंतीकडे वळवायचा आणि उडी मारून उतरायचा. ताई स्टूल घेऊन डावीकडे बसलेल्या असायच्या; त्यांच्या हातातल्या अंड्याकडे त्याचं लक्षही नसायचं. पुन्हा चढवलं तरी तेच. दोन पावलं, मान उजवीकडे, उडी. महिनाअखेर जवळ येत चालली होती. शेवटी ताईंनी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं.

त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे भाऊ याच्या कुठल्या बाजूनं धावायचे?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"हा माणूस शोधतोय उजवीकडे. तिथं भिंत आहे."

डॉक्टरीणबाई गेल्यावर ताई कितीतरी वेळ स्टुलावर बसून होत्या. भावाला चहा कसा लागायचा ते त्यांना माहीत होतं. लहानपणी तो कुठल्या कुशीवर झोपायचा तेही. पण एवढी वर्षं रोज पहाटे तो धावत होता, आणि तो कुत्र्याच्या डाव्या बाजूला असायचा की उजव्या, हे त्या कुत्र्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

मग त्या उठल्या आणि मशीन फिरवायला लागल्या. ते काही एका माणसाचं काम नव्हतं. एक कोपरा ओढला की दुसरा भिंतीत घुसायचा. लोखंड फरशीवर असं किंचाळलं की खालून तात्या तावातावानं वर आले. ताईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, एक हात गुडघ्यावर. तात्यांचं भांडण तोंडातच राहिलं.

"हे एकट्या करताय?" त्यांनी विचारलं.

ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं, मग चपला काढल्या. दोघांनी मिळून मशीन उलटं फिरवलं, आता उजवी बाजू मोकळी झाली. तात्या धापा टाकत खाली गेले आणि जाड रबराचे तुकडे घेऊन आले. मशीनच्या पायांखाली ते सरकवत म्हणाले, हे तुमच्यासाठी नाही, माझ्या रेडिओसाठी आहे. चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत; धावणारा माणूस बसलेला कसा असेल? पट्टा सर्वांत हळू लावला. भिडूनं दोन पावलं टाकली, मान उजवीकडे वळवली, ताईंच्या कमरेपाशी नाक नेलं, आणि मान पुन्हा सरळ केली. तिसरं पाऊल टाकलं. मग चौथं. त्याचे खांदे सैल पडले. शेपटी खाली आली. तो चालू लागला.

ताईंनी त्याचं मन भरायच्या आत पट्टा थांबवला. तो उतरेना.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. शिलाईला बसायच्या आधी भिडूचं चालणं आणि संध्याकाळी पुन्हा थोडं. आधी सावकाश, अंग गरम झालं की जरा जोरात, शेवटी पुन्हा सावकाश. ताई डोळ्यांत तेल घालून बघायच्या. जीभ बाजूला लोंबली की वेग कमी. तो पट्ट्याच्या मागच्या कडेकडे घसरायला लागला की बास. हळूहळू तो दुडक्या चालीनं पळू लागला, आणि त्या पावलांचा ठेका मोटरच्या आवाजात असा मिसळला की तात्यांनी कमिटीला परस्पर सांगून टाकलं, आता माझी तक्रार नाही. उरलेला दिवस भिडू शिलाई मशीनखाली झोपायचा. ताई त्याच्याशी बोलायच्या. काजं करायची राहिलीत, सुई मोडली, डाळ जास्त झाली. भावाविषयी मात्र त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याला जास्त माहीत होतं.

आणि सगळं सुरळीत चाललं की माणसाचा हात जरा सैल पडतो, तसं झालं. हॉटेलचे कोट न्यायला माणूस येणार होता. भिडू पट्ट्यावर दुडक्या चालीत होता आणि बेल वाजली. ताईंना वाटलं, कडी तर काढायची आहे. त्यांनी हातातली दोरी मशीनच्या दांड्याला अडकवली, "आले रे," म्हणाल्या आणि वळल्या.

भिडूही वळला. उजवीकडचं माणूस चाललं होतं, म्हणून तोही तिकडे निघाला. पाय पट्ट्याच्या कडेवर पडला, अंग तिरपं झालं आणि तो मागे घसरला. दोरी ताणली. मागचे पाय जमिनीवर, पुढचे पट्ट्यावर, आणि पट्टा खालून धावतोय. ताईंनी पाठीमागे नखांचा आवाज ऐकला आणि त्याच क्षणी मनगटाला झटका बसला. लाल दोरी निघून आली होती. मशीन थांबलं.

बेल पुन्हा वाजली. ताईंना दाराकडे जाता येईना, मशीनकडेही जाता येईना. मग त्यांनी भिडूला सोडवलं. पुढच्या एका पायाची गादी सोलवटली होती, बाकी काही नव्हतं. ओढ छातीवर बसली होती. गळपट्टा असता तर, हा विचार पुरा व्हायच्या आत त्या खाली फरशीवर बसल्या. गुडघ्यांनी जमिनीवर बसणं केव्हाच सोडलं होतं. बसल्या आणि रडायला लागल्या. आधी हुंदका, मग मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. दारातला माणूस वाट बघून निघून गेला. ताई भावासाठी रडत होत्या हे त्यांना मध्येच केव्हातरी कळलं.

भिडू जवळ आला नाही. तो लांब कोपऱ्यात पाय चाटत बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. उठायला ताईंना फार वेळ लागला. मशीनच्याच दांड्याला धरून त्या कशाबशा उठल्या.

दुसऱ्या दिवशी भिडू पट्ट्याजवळ फिरकला नाही. ताईंनी त्याला हाक मारली नाही. प्लग काढून ठेवला, पाय भरून येईपर्यंत थांबल्या, मग अंडं उकडलं आणि त्याचा तुकडा मशीनच्या शेजारी फरशीवर ठेवला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी त्यांना मुदत नव्हती आणि घाईही नव्हती. तो पुन्हा चालायला लागल्यावर बेल कितीही वाजली तरी त्या हलायच्या नाहीत. मशीन थांबवायच्या, भिडूला उतरवायच्या, मग दार. गिऱ्हाइकं कुरकुरली आणि शिकली.

एक गोष्ट त्यांच्या हळूहळू लक्षात आली. पट्ट्यावर चालून आलेला भिडू बाहेर ओढत नसे. अंगातली रग गेलेली असायची, मग तो ताईंच्या चालीनं चालायचा, एकेक पायरी, मध्ये थांबून. अशा चालीनं एका संध्याकाळी ती दोघं बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात पोचली. सुईत दोरा जाईना झाला होता, आणि वाकलेल्या काडीवर किती दिवस काढणार?

दुकानदार काउंटरमागे काच पुसत होता. पन्नाशीचा, सडपातळ. भिडू दारातच ताठ झाला आणि मग असा उसळला की दोरी ताईंच्या हातातून सुटली. काउंटरवर पाय ठेवून तो त्या माणसाचं तोंड चाटू लागला.

"भिडू?" तो माणूस म्हणाला. त्याचा चष्मा खाली पडला होता. त्यानं ताईंकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही ताई."

तो भावाबरोबर धावायचा. रोज नाही, पण पुष्कळदा. भाऊ गेल्याचं त्याला उशिरा कळलं. खोलीवर गेलो तर कुत्राही नव्हता, तुमच्या दारी येऊन विचारायचा धीर झाला नाही, म्हणाला. मीही मग सोडलं धावणं. त्यानं ताईंना खुर्ची दिली. बोलता बोलता त्यानं त्यांचा रस्ता सांगितला. खोलीपासून निघायचं, टाकीची टेकडी चढायची, पलीकडून उतरायचं आणि तुमच्या रस्त्यावरून परत.

"आमच्या रस्त्यावरून?" ताईंनी विचारलं.

"रोज. तुमच्या समोरच्या फुटपाथला थांबायचा, बुटाची नाडी बांधायला. मी एकदा म्हटलं, तुझी नाडी बरी रोज इथंच सुटते. तर म्हणाला, वर ताई राहते माझी. दिवा लागला की शिवायला बसते. दिवा दिसला की निघायचं."

ताई भिडूच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"एकदा नव्हता लागला," दुकानदार म्हणाला. "थंडी होती. उजाडायला आलं तरी आम्ही आपले उभे. म्हटलं, वर जाऊन बघून तरी ये. म्हणाला, मी गेलो तर तिला दार उघडावं लागेल. मग पडदा हलला खिडकीचा, तेव्हा निघालो."

ताईंनी विचारलं, "तो याच्या कुठल्या बाजूनं धावायचा?"

"उजव्या," तो माणूस म्हणाला. "याला डावीकडे ठेवायचा, रस्त्यापासून लांब."

ताईंनी मान हलवली. दुकानदारानं नंबर काढला, नवी फ्रेम बसवली. कधीमधी आणत जा याला, म्हणाला. ताई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या अंधारातच उठल्या. दिवा लावला. भिडूला पट्ट्यावर चालवलं, पाणी दिलं, श्वास खाली बसू दिला. मग त्याला छातीपट्टा घातला आणि दिवा तसाच जळता ठेवून कठड्याला धरून खाली उतरल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. दूधवाल्याची सायकल तेवढी लांबून गेली. त्यांनी भिडूला डावीकडे घेतलं आणि रस्ता ओलांडला.

समोरच्या फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीपाशी भिडू आपण होऊन थांबला आणि बसला.

ताईंनी वर पाहिलं. एवढ्या वर्षांत या बाजूनं त्यांनी आपली खिडकी कधी पाहिली नव्हती. फारसं काही दिसत नव्हतं. पिवळा उजेड, छताचा एक तुकडा, पडद्याची कड. आणि खिडकीला लागून पाठमोरं उभं असलेलं कुणीतरी. ताई क्षणभर दचकल्या. मग ओळखलं. कोट बेतायचा पुतळा होता तो. काल रात्री अर्धा शिवलेला कोट त्यांनी त्याला घालून ठेवला होता. खालून पाहिलं तर अगदी बाईमाणूस वाटत होतं, खांदे जरा वाकवून कामाला लागलेलं.

त्या बघत राहिल्या. शिवणारं माणूस या पायरीवरून दिसणं शक्यच नव्हतं. मशीन खिडकीच्या खाली होतं. भावाला रोज दिसत असणार तो हा पुतळाच.

भिडू उठला, अंग झटकलं, आणि आता निघायचं ना म्हणून उजवीकडे मान वर करून पाहिलं.

"चल," ताई म्हणाल्या.

उजाडत होतं. टेकडीकडचा रस्ता हलकासा चढाचा होता. त्या दोघांनी तो सावकाश धरला. जिथवर होईल तिथवर.